मोटारीच्या पाठीमागे उभा माणूस

बरकतपुरा, हैदराबाद
६ जुलै १९९४

एकनाथदादा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला आज बसतोय, इतके दिवस मन ठिकाणावर नव्हतं. तू माझा मावसभाऊ, शाळेतला सोबती आणि शिवाय गावातला पंपांचा मिस्तरी. ही गोष्ट तुला नाही सांगायची तर कुणाला?

आमच्या कारखान्यात परदेशी भागीदार आल्यापासून सगळं बदलतंय. पंपाच्या खोक्यात जी माहिती-पुस्तिका असते, तिचा मराठी मजकूर एकोणीस वर्षं मी लिहितो, हे तुला ठाऊक आहेच. चाळीस पानं. पंप कसा बसवायचा, वायर कुठं जोडायची, काय केलं तर जळेल. आता नव्या साहेबांनी ठरवलंय की पुस्तिकेत अक्षरच नको. बारा चित्रं, बस. मला म्हणाले, "नामदेवराव, पाच राज्यांसाठी पाच भाषा छापायच्या कशाला? चित्र सगळ्यांना कळतं."

चित्रं काढायला एक पोरगी ठेवली आहे. स्वप्ना नाव. अंबरपेठेतल्या नागोरावांची मुलगी. नागोराव रेल्वेत आहेत, आपल्याच बिलोलीकडचे. बसस्टॉपवर अकरा वर्षांची नमस्काराची ओळख. पोरगी तेवीस वर्षांची. नामपल्लीच्या कुठल्याशा क्लासात कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली. तिच्या खोलीला थंड हवेचं यंत्र लावलंय, आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात. मी आठ वर्षं टेबलावर एक पंखा मागतोय.

मला वाईट वाटत नाही. कालमान बदलतं. पण माझ्या पुस्तिकेत एक वाक्य होतं, सत्तावीस नंबरच्या पानावर: 'मोटारीच्या पाठीमागे उभे राहून पाहावे. पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसला पाहिजे.' हे लिहायच्या आधी मी एक अख्खी दुपार पंपाभोवती फिरत होतो. पुढून पाहिलं तर फिरणं एका बाजूचं दिसतं, मागून पाहिलं तर दुसऱ्या. माणूस कुठं उभा आहे हे सांगितल्याशिवाय दिशा सांगताच येत नाही. ते वाक्यही गेलं.

तूच सांग, मिस्तरीला शब्द लागतात की नाही? वहिनींना नमस्कार.

तुझा,
नामदेव

सावरखेड, ता. देगलूर
१८ जुलै

नामदेवा,

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो, रागावू नको. तुझी चाळीस पानं मी वाचली, कारण ती तुझी होती. बाकी कुणी वाचलेली मला ठाऊक नाही. शिवारातल्या दहा पंपघरांत तुझं पुस्तक सुतळीनं खिळ्याला टांगलेलं बघितलंय. लोक त्याला हात पुसतात. भगवंतराव पाटलानं तर तंबाखूची पुडी बांधायला पानं घेतली. मी म्हटलं, "पाटील, माझ्या भावानं लिवलंय ते." तर म्हणतो, "म्हणून तर कागद चांगला हाय."

मला स्वतःला पंख्याची दिशा वाचावी लागत नाही. पंपाचं पोट शंखासारखं वळलेलं असतं. त्या वळणावर हात फिरवला की पाणी कुठून कुठं जाणार ते कळतं. पण तुझं सत्तावीस नंबरचं वाक्य चांगलं होतं. नव्या पोरांना मी तेच सांगतो, मागं उभा राहा आन् बघ.

आणि 'वाईट वाटत नाही' असं लिहिलंस ते सुनंदाला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, भावजींना पोरीचा हेवा वाटतोय. लहानपणीही तुझी पाटी मास्तरांनी दुसऱ्याच्या पाटीखाली ठेवली की तू जेवत नव्हतास. लेका, पन्नाशीला आलास. जेवत जा.

नवं पुस्तक निघालं की पाठव.

एकनाथ

बरकतपुरा
१० ऑगस्ट

दादा,

हेवा कशाचा? ती माझ्या मुलीच्या वयाची आहे. वहिनींना सांग, मी नीट जेवतो.

पण जे घडलं ते लिहितो, म्हणजे तुम्हीच ठरवाल. गेल्या सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावून बारा चित्रं भिंतीवर लावली. चित्रं सुबक आहेत, मी नाही म्हणत नाही. पंपाचा एकेक भाग सुटा करून हवेत मांडल्यासारखा दाखवलाय. कुठला भाग कशात बसतो ते लहान मूलही सांगेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि तिच्यासाठी चहा मागवला. एकोणीस वर्षांत माझ्या पुस्तिकेसाठी कुणी चहा मागवल्याचं मला आठवत नाही.

ती भेटते तेव्हा काका म्हणते. नम्र आहे, हेही मला सहन होत नाही असं तू म्हणशील. चित्रं काढण्याआधी एकदा माझ्या टेबलाशी आली होती, जुनी पुस्तिका घेऊन. सत्तावीस नंबरचं पान उघडलेलं. म्हणाली, "काका, ये लाइन जरा पढ के सुनाओ ना. मेरेकू मराठी बोलने आती, पढने नइ आती." इथं जन्मलेली पोरं अशीच. घरात मराठी, बाहेर तेलुगू-उर्दू, आणि देवनागरी दिसली की डोळे बारीक. मी म्हटलं, "चित्र काढणाऱ्याला अक्षरं कशाला लागतात?" तिनं पुस्तिका मिटली. मग "हौ काका" म्हणून गेली. बोललो ते जरा कडक झालं, पण खोटं काय होतं?

एका चित्रात मला काहीतरी खटकलंय. पण माझं मत विचारलं कुणी? चित्र सगळ्यांना कळतं म्हणतात, तर त्यांचं त्यांना कळेल.

सकाळी माहूरच्या दत्ताच्या तसबिरीपुढे जपाला बसतो. हात माळ ओढतो आणि डोळ्यांपुढे ती भिंत येते. अशी माळ देवाला पोचत असेल का, कोण जाणे.

नामदेव

सावरखेड
३ ऑक्टोबर

नामदेवा,

तू पुस्तक पाठवलंच नाहीस, पण ते आपल्या पायानं आलं! ग्रामपंचायतीनं तुमच्या कारखान्याचा नवा पंप घेतला, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर बसवायला. आता पाणी टाकीत चढणार आणि गल्लीत नळ येणार. बसवायचं काम माझ्याकडे. खोकं आमच्या ओसरीवर उघडलं, आणि वर तेच पुस्तक.

आता ऐक. मी हातपाय धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर सुनंदा पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. तिला अक्षर ओळखत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणाली, "आधी हे चाक बसवा, मग ही वाटी, मग हे चार स्क्रू. आणि पाणी भरल्याशिवाय चालू करू नका, इथं बाईनं तांब्या धरलाय." बाराच्या बारा चित्रं तिनं मला वाचून दाखवली. मग म्हणाली, "भावजींना लिहा, जन्मात पहिल्यांदा मला पुस्तक वाचता आलं."

मी तिला म्हटलं, चित्रं नामदेवाची नाहीत. ती म्हणते, असू द्या, त्यांच्या कारखान्याची तर आहेत. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर पडत नसेल.

एक गोष्ट नवी दिसली. चित्रातला बाण माझ्या हाताच्या उलटा आहे. शंखाचं वळण एक सांगतं, बाण दुसरं सांगतो. जुन्या पंपावर ओतीव बाण असायचा, ह्या निळ्या पंपावर तोही नाही. आधी वाटलं, चूक असेल. मग तुझी आठवण झाली. दिशेच्या एका वाक्यासाठी दुपारभर पंपाभोवती फिरणारा माणूस तिथं बसलेला असताना बाण चुकेल कसा? बाहेरच्या देशाचा नमुना आहे, फिरणं बदललं असेल. तेव्हा बाणाप्रमाणेच वायर जोडतोय.

दसऱ्याला खंडे पुजून, नारळ फोडून पंप चालू करायचा ठरलंय. सरपंच येणार, सगळा गाव जमणार. तू असतास तर बरं झालं असतं. काही सांगायचं असेल तर त्याआधी कळव.

एकनाथ

बरकतपुरा
१० ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र परवा, शनिवारी मिळालं. कामाच्या गर्दीत उत्तर राहिलं.

बाणाबद्दल म्हणशील तर, चित्र चुकलेलं असण्याचा संभव आहे. हल्लीच्या पोरांना पंप माहीत नसतो, नुसती कॉम्प्युटरची हातोटी. तिनं पंप पुढच्या बाजूनं काढलाय, तसा तो देखणा दिसतो, आणि बाण मात्र जुन्या आकृतीतला, मागून पाहिलेला, तसाच उचलून ठेवला असावा. तेव्हा तू आपल्या हाताचंच ऐकावंस हे बरं.

वहिनींना पुस्तक वाचता आलं हे वाचून आनंद झाला.

सर्वांना दसऱ्याचा नमस्कार.

नामदेव

सावरखेड
२० ऑक्टोबर

नामदेवराव,

तुमचं दहा तारखेचं पत्र दसऱ्यानंतर तीन दिवसांनी पोचलं.

दसऱ्याला काय झालं ते सांगतो. पंपाला हार घातला होता. बाया घागरी घेऊन नळाशी उभ्या होत्या, सुनंदा सगळ्यांत पुढं, कारण पुस्तक तिनं वाचलं होतं. नारळ फुटला, मी बटण दाबलं. पाणी आलं, बोटाएवढी धार. भगवंतराव म्हणाला, "एकनाथ, तुज्या पंपाला सर्दी झाली का रं?" लोक हसले. माझा हात सांगत होता, थांब, दोन वायरींची अदलाबदल कर. पण मी पुस्तक काढून परत बघितलं, आणि बाणाप्रमाणे बरोबर होतं. सरपंचाला म्हटलं, नवा माल आहे, जरा चालू द्या, जोर धरेल. तास-दीड तास चालू ठेवला. उलटं फिरून फिरून आतल्या पंख्याचा नट सुटला. पंखा पोटावर घासला आणि पोटाला तडा गेला. आवाज मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेला.

तीस वर्षं ह्या शिवारात माझ्या हातानं पंप बसलेत. एकही उलटा फिरला नाही. आता गावाला एकनाथ मिस्तरीचं हेच आठवणार. बाया पुन्हा ओढ्याकडच्या विहिरीवर जातात. सुनंदा कुणाशी बोलत नाही. तिला वाटतं, तिनं चुकीचं वाचलं. मी शंभरदा सांगितलं, तू वाचलंस ते बरोबर होतं. तिला पटत नाही. पुस्तक फडक्यात बांधून फडताळात ठेवलंय.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग ऑगस्टचं पत्र काढून वाचलं. त्यात 'एका चित्रात काहीतरी खटकलंय' असं आहे. म्हणजे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. माझं पत्र शनिवारी मिळालं म्हणता. सोमवारी उत्तर लिहिलंत, तेही आंतरदेशीय पत्रावर. तार करायची होती. तारेत तीन शब्द पुरले असते: बाण उलटा आहे. एकोणीस वर्षं तुम्ही शब्द लिहिता. माझ्यासाठी तीन निघाले नाहीत.

एकनाथ

बरकतपुरा
१४ नोव्हेंबर

दादा,

तू मला 'राव' आणि 'तुम्ही' लिहिलंस. ते योग्यच होतं. तरी मी दादाच लिहिणार.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून जे लिहायचं ते मी चार वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी त्यात कुठंतरी त्या पोरीचं नाव दोषाच्या जागी येत होतं. आज सरळ लिहितो.

बाण उलटा आहे हे मला भिंतीवरच दिसलं होतं, टाळ्या वाजत असताना. तोंड उघडलं असतं तर तिनं पाच मिनिटांत बदललं असतं. मी गप्प बसलो, कारण मला वाटत होतं की बिनअक्षरी पुस्तक एकदा तरी पडावं, आणि लोकांनी माझ्या टेबलाशी येऊन सत्तावीस नंबरचं वाक्य मागावं. पडलं तर ते कुणाच्या तरी अंगावर पडेल, हे माझ्या मनात आलं नाही असंही नाही. आलं होतं. तो कुणीतरी माझ्या ओळखीचा नसेल, असं मी धरून चाललो.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. मी तारघरापर्यंत गेलो होतो. दारातून परत फिरलो. वाटेत वहिनींचं ते वाक्य डोक्यात घुमत होतं, जन्मात पहिल्यांदा पुस्तक वाचता आलं. दादा, इतकी वर्षं माझ्या पुस्तिकेबद्दल मला कुणी असं लिहिलं नव्हतं. ते तुझ्या घरातून, तिच्या चित्रांना मिळालं. पत्र मी दत्ताच्या तसबिरीमागे सरकवून ठेवलं. दोन दिवस त्याच तसबिरीपुढे बसून माळ ओढली. सोमवारी तुला लिहिलं, तेही असं की चूक तिची दिसावी.

तुझं वीस तारखेचं पत्र आलं त्यानंतर सणाच्या सुट्ट्या होत्या. त्या संपल्यावर साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग विचारलं, "ऑगस्टपासून?" मी हो म्हटलं. त्यांनी पुस्तिका थांबवली. जिथं जिथं पंप गेलेत तिथं तारा जाताहेत. माझ्याबद्दल काय करायचं ते अजून ठरायचं आहे.

त्या रविवारी मी अंबरपेठेला नागोरावांच्या घरी गेलो. अकरा वर्षं एका बसस्टॉपवर उभे राहिलो, पण त्यांचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. का नव्हता, हे तुला सांगायला नको. तू आणि मी एकाच गावात वाढलो, तिथल्या आळ्या वेगळ्या होत्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. नागोराव दोन-तीनदा म्हणाले, "बसा नामदेवराव, बसा," आणि मी उभाच. शेवटी त्यांच्या पत्नी केसरबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा बसलो.

त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. कोनाड्यात औषधाच्या बाटल्या होत्या. एकीवर कागद चिकटवलेला, त्यावर उगवता सूर्य. दुसरीवर चंद्रकोर. तिसरीवर भाकरी आणि तिच्यानंतर गोळी. मी बघतोय हे पाहून केसरबाई म्हणाल्या, "मला वाचता येत नाही ना भाऊ. पोरीनं शाळेत असतानाच करून दिलं. तवापासून एक गोळी चुकली नाही." त्या क्षणापर्यंत मी समजत होतो की तिची विद्या नामपल्लीच्या क्लासातली आहे.

मी स्वप्नाला सगळं सांगितलं. पंपाबद्दल, तुझ्याबद्दल, वहिनींबद्दल. ती एवढंच म्हणाली, "मैं पूछी थी ना काका आपको." मग पुन्हा, "पूछी थी मैं." नागोराव खिडकीबाहेर बघत होते. चहा गार झाला होता, तो मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली, तेच पान घेऊन. मी वाक्य वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "मतलब, आदमी कहाँ खड़ा है, वो बताना?" मी म्हटलं, तेवढंच. तासाभरानं तिनं चित्र आणलं: मोटार, तिच्या पाठीमागे उभा एक माणूस, त्याचे डोळे, डोळ्यांपासून पंख्यापर्यंत तुटक रेघ, आणि बाण. सत्तावीस नंबरचं अख्खं वाक्य त्यात आहे. माझ्याच्यानं हे झालं नसतं. हे लिहिताना आतून अजून चिमटा बसतो. तो एकदम जाणार नाही असं दिसतं.

चित्र सोबत आहे. साहेबांना मी एक विनंती केली आणि त्यांनी मान्य केली. सुनंदा वहिनींनी पाहिल्याशिवाय हे छापायचं नाही. त्यांना काही सांगू नकोस. नुसतं हातात दे, आणि पंखा कुठल्या बाजूला फिरेल ते हातानं दाखवायला सांग. चुकलं तर चूक चित्राची धरायची, हे मात्र त्यांना आधी सांग.

पंपाचं नवं पोट आणि पंखा कारखान्यानं दिलाय. तू हो म्हणालास तर मी घेऊन येतो. गाव जमलेलं असताना, जे झालं ते मी तिथं उभा राहून सांगेन. नको म्हणालास तर पार्सलनं पाठवतो.

नामदेव

सावरखेड
२५ नोव्हेंबर

नामदेवा,

चित्र सुनंदाच्या हातात दिलं. आधी घेईना. म्हणाली, मला नको, मी पुन्हा चुकवीन. मी तुझा निरोप सांगितला. मग चुलीपुढून उठून उजेडात गेली. बराच वेळ बघितलं. उठून दारात दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या मोटारीच्या मागं जाऊन उभी राहिली, चित्रातल्या माणसासारखी, आणि हात फिरवून दाखवला. बरोबर फिरवला. तीनदा विचारलं, तीनदा बरोबर.

मग फडताळातून जुनं पुस्तक काढलं, फडकं सोडलं आणि जुन्या चित्रावर हे ठेवून बघितलं: बाण तोच, पण तिथं पंप पुढून काढलेला. म्हणाली, "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं." मी म्हटलं, हो. त्या दिवशी ती दोन घागरी घेऊन विहिरीवर गेली आणि बायांशी बोलत परत आली.

चित्रात तिनं एक खोट काढली आहे, ती पोरीला सांग. त्या माणसाला डोळे आहेत, तोंड नाही. सुनंदा म्हणाली, "ह्याला तोंड काढायला लावा. सगळं दिसतंय आणि नुसता उभाच आहे." तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही.

पार्सल करू नको. तूच घेऊन ये. येशील त्या रविवारी गाव जमवतो.

एकनाथ